कोनराड कोणता? जर्मन सरदारांच्या वंशावळींवर वाचकांचे प्रश्न

इ.स. ७५० ते ११०० या काळातल्या जर्मन सरदार घराण्यांच्या वंशावळी कशा जुळवतात, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कुलवृत्तांत, करीने, महजर आणि जुनी दप्तरे चाळणारी मंडळी सातारा-सांगली भागात पुष्कळ आहेत, त्यामुळे आलेले प्रश्नही नेमके आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे अभ्यासक मंडळाची आहेत.

प्रश्न (वाई) : राजा पहिला हाइन्रिख याची राणी माटिल्डे हिची वंशावळ इंटरनेटवर थेट फ्रँक राजा शार्लमेनशी लढलेल्या सॅक्सन सरदार विडुकिंडपर्यंत, एकही पिढी न गाळता दिलेली दिसते. ती खरी मानावी का?

दोन्ही टोके भक्कम आहेत. मधला भाग नंतरच्या लोकांनी भरलेला आहे.

वरचे टोक पाहा. विडुकिंडने ७८५ मध्ये आत्तिन्यी येथे बाप्तिस्मा घेतला. त्याचा मुलगा विकबेर्ट आणि नातू वाल्टबेर्ट. या वाल्टबेर्टने ८५१ मध्ये संत अलेक्झांडरच्या अस्थी रोमहून विल्डेसहाउझेनला आणल्या. त्या प्रवासाची हकीकत फुल्डा मठातल्या रूडोल्फने लिहायला घेतली आणि मेगिनहार्टने पुरी केली. बाप-लेक-नातू हे नाते त्या हकीकतीत स्पष्ट आहे आणि ती वाल्टबेर्टच्या हयातीतली आहे, म्हणून या तीन पिढ्या निःशंक घ्याव्यात. वाल्टबेर्टचा मुलगा विकबेर्ट पुढे फेर्डेनचा बिशप झाला, हेही पक्के.

खालचे टोक कोर्वाय मठातल्या इतिहासकाराच्या लेखनात आहे. त्याचेही नाव विडुकिंडच, तेव्हा गल्लत करू नका. तो दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहितो की माटिल्डे ही थियाडरिखची मुलगी. थियाडरिखचे भाऊ विडुकिंड, इमेड आणि रेगिनबेर्न. आणि हे सगळे त्या थोर विडुकिंडच्या वंशातले. ‘वंशातले’ एवढेच तो म्हणतो. थियाडरिखच्या बापाचे नाव तो देत नाही. नाते मुलाकडून आले की मुलीकडून, तेही सांगत नाही.

वाल्टबेर्ट आणि थियाडरिख यांच्यामध्ये म्हणूनच एक किंवा दोन पिढ्यांची मोकळी जागा आहे. माटिल्डे वाल्टबेर्टच्याच शाखेतली होती की विडुकिंडच्या दुसऱ्या एखाद्या अपत्याची, हेही ठरलेले नाही. कागदावर ही जागा तुटक रेषेने दाखवावी आणि शेजारी ‘वंशज, पायऱ्या अज्ञात’ असे लिहावे.

भरलेली जागा ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. सलग पिढ्यांत नेमके २५ किंवा ३० वर्षांचे अंतर असते, कारण जन्मसाल कुणीतरी भागाकार करून काढलेले असते. प्रत्येक पुरुषाला नाव असलेली बायको असते, पण तिच्या माहेराचा एकही कागद नसतो. आणि आधार म्हणून दुसऱ्या वंशवृक्षाचाच हवाला दिलेला असतो. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की ती पिढी काढून ठेवा आणि मूळ कागद शोधायला लागा.

प्रश्न (कराड) : या लोकांना आडनावे नव्हती. मग एका सनदेतला ‘ग्राफ (परगण्यावर राजाने नेमलेला सरदार) कोनराड’ आणि दुसऱ्या सनदेतला ‘ग्राफ कोनराड’ एकच माणूस, हे ठरवायचे कसे?

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. बहुतेक चुका बाप कोण हे ठरवताना होत नाहीत, त्याच्या आधीच होतात. दोन वेगळ्या माणसांना एक मानले जाते किंवा एकाच माणसाचे दोन केले जातात आणि मग त्या चुकीवर सगळी वंशावळ उभी राहते. म्हणून आधी माणूस ठरवायचा आणि नंतरच नाते. गढीच्या किंवा किल्ल्याच्या गावावरून घराण्याला ओळखण्याची चाल अकराव्या शतकात हळूहळू रुजली. त्याआधीच्या सरदाराला ‘साल्यर’, ‘बाबेनबेर्ग’ किंवा ‘कोनराडिनर’ म्हणणे ही इतिहासकारांची सोय आहे. तो स्वतः तसे लिहीत नव्हता.

पद्धत अशी. प्रत्येक उल्लेखाला एक स्वतंत्र कार्ड करा, माणसाला नव्हे. ‘कोनराड’ बारा ठिकाणी आला तर बारा कार्डे. प्रत्येक कार्डावर सहा गोष्टी हव्यात : नाव मुळात जसे लिहिले आहे तसेच, हुद्दा, साल आणि ते कशावरून काढले, गाव व परगणा, म्हणजे तिकडचा ‘गाउ’, सोबत कोणाकोणाची नावे आहेत आणि कोणत्या क्रमाने, आणि कागद अस्सल आहे की नक्कल, नक्कल असेल तर ती कोणत्या शतकातली. शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि नेमके तिथेच फसतात.

मग कार्डे सालवार लावा. इथे पहिला सापळा आहे. सनदांवर राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते आणि लुडविग नावाचे राजे अनेक झाले. ‘लुडविग राजाचे विसावे वर्ष’ हे धार्मिक लुडविगचे धरले तर ८३३-३४ येते आणि पूर्व फ्रँक राज्याचा लुडविग जर्मन धरला तर ८५२-५३. वीस वर्षांचा हा फरक म्हणजे जवळजवळ एक अख्खी पिढी. बाप आणि मुलगा यांची अदलाबदल बहुतेक इथेच होते. अशा कागदात मठाधिपती किंवा बिशप कोण आहे ते पाहा. त्यांच्या कारकिर्दीची साले स्वतंत्रपणे माहीत असतात, त्यावरून राजा ठरतो.

नंतर वयाची चाळणी. साक्षीदार किंवा दाता म्हणून आलेला माणूस साधारण पंधरा वर्षांच्या पुढचा धरावा. पहिल्या आणि शेवटच्या उल्लेखात पन्नास वर्षांहून जास्त अंतर पडले तर दोन माणसे असावीत, असे गृहीत धरून चाला आणि उलटा पुरावा मिळाला तरच एक करा.

त्यानंतर परगणा आणि सोबतची माणसे. हे प्रत्यक्षात कसे चालते त्याचे उदाहरण ऱ्हाइन आणि माइन नद्यांच्या प्रदेशातच आहे. दहाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तिथे निदान चार नामांकित कोनराड सापडतात. थोरला कोनराड बाबेनबेर्गांशी झालेल्या भाऊबंदकीच्या युद्धात २७ फेब्रुवारी ९०६ रोजी फ्रिट्झलार येथे मारला गेला. त्याचा मुलगा कोनराड ९११ मध्ये राजा झाला आणि ९१८ च्या डिसेंबरात वारला. थोरल्या कोनराडचा भाऊ एबरहार्ड ९०२ मध्ये त्याच वैरात पडला. त्याचा मुलगा कोनराड कुर्ट्सबोल्ड लान नदीच्या खालच्या परगण्यात सरदार होता, त्याने लिंबुर्गला संत जॉर्जचे धर्मपीठ उभारले आणि तो ९४८ मध्ये गेला. चौथा कोनराड ‘तांबडा’. तो वोर्म्सच्या बाजूचा, बाप वेर्नर, राजा पहिल्या ओटोचा जावई, १० ऑगस्ट ९५५ रोजी लेखफेल्डच्या लढाईत पडला. त्याचे घराणे पुढे साल्यर म्हणून राजपदाला पोचले.

आता ९३५ च्या सुमाराचा, लानच्या काठच्या गावातला ‘ग्राफ कोनराड’ समोर आला, तर पहिले दोघे मरण पावलेले आहेत आणि चौथ्याची सत्ता वोर्म्स-श्पायरकडे आहे. उरतो कुर्ट्सबोल्ड. हेच गाव नाहे नदीच्या बाजूचे असते आणि साल ९४६ असते, तर तांबड्या कोनराडकडे कल गेला असता. गाव सीमेवरचे असेल आणि साल नुसते ‘ओटोच्या काळी’ असेल, तर कार्ड ‘अनिर्णित’ गठ्ठ्यात ठेवावे. तो गठ्ठा कमी करण्याची घाई नसावी.

सोबतच्या माणसांची यादी सर्व सनदांत सारखी टिकलेली नाही. फ्रायझिंगच्या बिशपपीठात ८२४ पासून कोत्स्रोह नावाच्या पुरोहिताने सनदा साक्षीदारांसकट उतरवून घेतल्या, म्हणून बव्हेरियन घराण्यांबद्दल आपल्याला इतके कळते. बव्हेरियात साक्षीदाराचे कान ओढण्याची कायदेशीर रीत होती, ‘कान ओढलेले साक्षीदार’ असे शब्दच तिथे सापडतात. याउलट लोर्श मठाचा बाराव्या शतकातला सनदसंग्रह तीन हजार आठशेच्या आसपास नोंदी देतो, परगणावार लावून देतो, पण बहुतेक साक्षीदार गाळतो. लोर्शमध्ये गावावर भर द्यावा, फ्रायझिंगमध्ये संगतीवर. फुल्डाचा एबरहार्ड नावाचा साधू ११६० च्या सुमारास जुन्या सनदा उतरवताना त्यांत मठाच्या फायद्याचे फेरफार करत होता. त्याच्या नकलेतला हुद्दा दुसऱ्या आधाराशिवाय कार्डावर चढवू नका.

आणखी एक इशारा, तो खास आपल्या सवयीमुळे. पाटीलकी-कुलकर्णीपणाची वतने वंशपरंपरेने जात, म्हणून आपण हुद्दा चालत आला की नाते आहे असे मानतो. नवव्या-दहाव्या शतकात ग्राफचा हुद्दा राजाच्या मर्जीचा होता. तो मुलाला मिळे, पुतण्याला मिळे आणि शत्रूलाही मिळे. एकाच परगण्यात एकामागून एक आलेले दोन ग्राफ बाप-लेक असतीलच असे नाही. खासगी जमीन, आणि विशेषतः घराण्याने स्थापन केलेला मठ, हा हुद्द्यापेक्षा कितीतरी चांगला पुरावा आहे. साल्यरांचे मूळ जुन्या विडो-लांबेर्ट मंडळींपर्यंत नेतात ते मुख्यतः होर्नबाख मठावरच्या हक्कावरून. तेही अनुमानच, पण सशक्त.

प्रश्न (मिरज) : नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल तिकडेही होती असे वाचले. मग नावावरूनच घराणे ओळखता येईल ना?

मदत होते, निकाल लागत नाही.

ठरावीक नावे ठरावीक गोतात फिरतात हे खरे : कोनराडिनरांत कोनराड, एबरहार्ड, गेबहार्ड, उडो, सॅक्सन लिउडोल्फिंगांत लिउडोल्फ, ब्रुन, ओटो, बाबेनबेर्गांत पोप्पो, हाइन्रिख, आडालबेर्ट, बव्हेरियात लुइटपोल्ड, अर्नुल्फ, बेर्टोल्ड. सातारच्या गादीवर दोन शाहू झाले, तेव्हा असल्या पुनरावृत्तीची आपल्याला सवय आहे.

मात्र तिथे नाव आईच्या माहेराहूनही तितक्याच हक्काने येते. लिउडोल्फिंगांत ‘हाइन्रिख’ हे नाव पूर्वी नव्हते. ते पुढे राजा झालेल्या हाइन्रिखच्या जन्मावेळी, साधारण ८७६ मध्ये, उगवते. त्याची आई हाडविग ही बाबेनबेर्ग हाइन्रिखची, म्हणजे ८८६ मध्ये पॅरिसच्या वेढ्यात पडलेल्या सेनापतीची मुलगी असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे एक मोठे कारण हे नावच आहे. घराण्यात अचानक परके नाव आले की आईचे किंवा आजीचे माहेर शोधा. नावांचा खरा उपयोग इथे आहे. आपल्या वंशावळीत सुनांची नावे बऱ्याचदा गाळलेली असतात, म्हणून ही दिशा आपल्या लक्षात येत नाही.

नावावर विसंबू नये याचा सर्वांत चांगला पुरावा थेगन या चरित्रकाराने दिला आहे. ८३६-३७ च्या सुमारास लिहिताना शार्लमेनची राणी हिल्डेगार्ड हिची परंपरा तो अशी सांगतो : आलमानी सरदार गोटफ्रिड, त्याचा मुलगा हुओखिंग, त्याचा नेबी, नेबीची मुलगी इम्मा आणि इम्माची मुलगी हिल्डेगार्ड. पाच पिढ्या, पाच नावे आणि दोन नावांत एकही सामाईक घटक नाही. थेगनचे हे एक वाक्य हरवले असते तर नावे जुळवून हे नाते कुणालाही कधीच सापडले नसते.

उलटेही घडते. कोनराड हे नाव कोनराडिनरांचे म्हणून आपण ओळखतो, पण सम्राज्ञी युडिथचा भाऊ वेल्फ घराण्यातला कोनराड नवव्या शतकाच्या पूर्वार्धातच आहे. राजाचे नाव कौतुकाने ठेवणेही सर्रास होते. ओटो आणि हाइन्रिख ही नावे दहाव्या शतकानंतर इतकी पसरली की त्यांवरून रक्ताचे नाते काढणे व्यर्थ आहे. विरळ नाव जास्त बोलते. ‘इमेड’ दोनदा आले तर थांबून पाहा, ‘हाइन्रिख’ दहादा आले तरी पुढे जा.

लघुरूपे पाठ असावीत. कुनो म्हणजे कोनराड, एत्सो म्हणजे एरेनफ्रिड, बेत्सेलिन म्हणजे बेर्टोल्ड, हेत्सिलो म्हणजे हाइन्रिख. ही माहीत नसल्याने एकाच माणसाचे दोन भाऊ झालेले वंशवृक्ष आहेत.

प्रश्न (सातारा) : लॅटिन कागदांत नात्याचे शब्द असतात. तेवढे पुरेसे नाहीत का?

काही शब्द पुरेसे आहेत. लॅटिनमध्ये मामा ‘अवुन्कुलुस’, काका ‘पात्रूउस’, आत्या ‘आमिता’, मावशी ‘मातेर्तेरा’ अशी वेगळी नावे आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ती चटकन उमगतात. फक्त मध्ययुगात लिहिणारे नेहमी काटेकोर नव्हते. काकाला ‘अवुन्कुलुस’ म्हटल्याची उदाहरणे मिळतात, तेव्हा दुसरा आधार बघावाच.

घात करतो तो ‘नेपोस’. हा नातू असू शकतो, पुतण्या असू शकतो, भाचा असू शकतो आणि सैलपणे लांबचा आप्तही. कार्डावर त्याचे भाषांतर न करता ‘नेपोस’ असेच लिहा आणि चारही शक्यता खाली मांडून वयाच्या चाळणीने एकेक बाद करा. ‘प्रोपिंक्वुस’ आणि ‘कोन्सांग्विनेउस’ हे शब्द तर केवळ आप्त असल्याचे सांगतात. बव्हेरियाचा लुइटपोल्ड, जो ४ जुलै ९०७ रोजी प्रेसबुर्गला मॅग्यारांशी (हंगेरियनांशी) लढताना पडला, तो सम्राट अर्नुल्फचा आप्त म्हणून येतो. नाते बहुधा अर्नुल्फची आई लिउट्सविंड हिच्याकडून असावे. त्याचे आई-बाप मात्र कोणत्याही समकालीन कागदात नाहीत. तरीही त्याला सम्राटाचा मामेभाऊ म्हणून पक्क्या रेषेने जोडलेले तक्ते फिरतात.

प्रश्न (तासगाव) : मठांतल्या प्रार्थना-वह्यांत हजारो नुसती नावे आहेत म्हणे. नुसत्या नावांतून नाते कसे निघते?

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत कुटुंब एकत्र नोंदले जाते, तशीच ही नोंद आहे. फरक एवढाच की इथे नाते लिहिलेले नसते. राइखेनाउ मठाची वही ८२४ च्या सुमारास सुरू झाली आणि तिच्यात सुमारे ३८,००० नावे आहेत. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्या जिवंत व मृत आप्तांची यादी एकगठ्ठा उतरवली जाई.

वाचताना आधी गटाच्या कडा शोधायच्या. एकाच हाताची, एकाच शाईची, सलग नावे म्हणजे एक गट. समासात किंवा दोन ओळींमध्ये घुसवलेली नावे नंतरची, ती वेगळी काढा. छापील प्रतीत हा फरक दिसला नाही तर मूळ पानाचे छायाचित्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग गटातला क्रम : बहुधा कर्ता पुरुष, पत्नी, मुलगे, मुली, त्यानंतर भाऊबंद आणि सोयरे. शेवटी तोच गट दुसऱ्या मठाच्या वहीत आहे का ते पाहा. सांक्ट गालेन, रेमिरेमाँ, साल्झबुर्ग इथेही अशा वह्या आहेत. चार-पाच नावे त्याच क्रमाने दोन ठिकाणी आली तर तो योगायोग नसतो.

यातून काय मिळते याचे नामी उदाहरण इतिहासकार कार्ल श्मिड यांनी दाखवले. राइखेनाउच्या एका नोंदीत राजा हाइन्रिख, राणी माटिल्डे आणि त्यांची मुले एकत्र आहेत आणि मुलगा ओटो याला तिथेच ‘राजा’ म्हटले आहे. नोंद ९२९-३० च्या सुमाराची ठरते. ओटोचा राज्याभिषेक ९३६ चा. म्हणजे बाप जिवंत असतानाच वारस ठरला होता, हे एका नावाच्या यादीने सांगितले.

मृत्यूच्या नोंदवह्यांचे वेगळे असते. त्यांत बहुधा दिवस आणि महिना असतो, साल नसते. हेरमान बिलुंग २७ मार्चला गेला हे लुनेबुर्गची वही सांगते, ९७३ हे साल मात्र इतिवृत्तांतून घ्यावे लागते. फुल्डाची मृत्यूनोंद ७७९ पासून वर्षवार आहे, म्हणून ती विशेष मोलाची.

प्रश्न (सांगली, कायद्याच्या विद्यार्थ्याकडून) : चर्चने जवळच्या नात्यातल्या लग्नांना बंदी घातली होती. त्या वादांचे कागद वंशावळीसाठी वापरता येतात का?

येतात, आणि इतके चांगले कागद क्वचित मिळतात.

हिंदू विवाह कायद्यात सापिंड्य आईकडून तिसऱ्या आणि बापाकडून पाचव्या पिढीपर्यंत मोजतात. मामेबहिणीशी लग्न रूढीने चालते हे आपल्या भागात सांगायला नको. चर्चची बंदी अकराव्या शतकात सात पायऱ्यांपर्यंत गेली होती. सामाईक पूर्वजापासून खाली मोजायचे : सख्खी भावंडे पहिली पायरी, मामे-चुलत-आते-मावस भावंडे दुसरी, त्यांची मुले तिसरी. रोमन कायदा दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांची बेरीज करी, म्हणून तिथे मामेबहीण चौथी भरते. जुन्या कागदात ‘चौथी पायरी’ दिसली की आधी मोजणी कोणती ते ठरवा, नाहीतर दोन पिढ्यांची चूक होईल. १२१५ च्या लॅटरन परिषदेने बंदी सातवरून चारवर आणली.

१०४३ मध्ये राजा तिसरा हाइन्रिख पोआतूच्या आग्नेसशी लग्न करणार होता. गोर्झचा मठाधिपती झीगफ्रिड याने स्टाब्लोच्या पोप्पोला पत्र लिहून विरोध केला आणि दोघांचे नाते उलगडून दाखवले. पहिल्या ओटोची बहीण गेरबेर्गा ही सामाईक पूर्वज. एका बाजूला तिची मुलगी माटिल्डे, तिची मुलगी गेरबेर्गा, तिची गिझेला, तिचा हाइन्रिख. दुसऱ्या बाजूला तिची मुलगी आल्बेराडा, तिची एर्मेनट्रूड, तिची आग्नेस आणि तिची मुलगी नवरी आग्नेस. दोन्हीकडे चार पायऱ्या, आणि खालच्या वर-वधूंपर्यंत सगळ्या बायका. पुरुषांचीच नावे लिहिणाऱ्या वंशावळीत हे नाते अजिबात दिसले नसते. लग्न त्या वर्षी झालेच, पण आपल्या हाती यादी राहिली.

दुसरे उदाहरण ११५३ चे. फ्रीडरिख बार्बारोसाला फोबुर्गच्या आडेलापासून काडीमोड हवा होता, तो कोन्स्टान्झला नात्याच्या कारणावरून मिळाला. स्टाब्लोच्या विबाल्डच्या पत्रसंग्रहात त्याचा तक्ता आहे. फ्रीडरिख, त्याचा मुलगा ब्युरेनचा फ्रीडरिख, त्याचा मुलगा श्टाउफेन बांधणारा सरदार फ्रीडरिख, त्याचा मुलगा सरदार फ्रीडरिख, त्याचा राजा फ्रीडरिख. समोर पहिल्या फ्रीडरिखची बहीण बेर्टा, तिचा फिलिंगेनचा बेत्सेलिन, त्याचा दाढीवाला बेर्टोल्ड, त्याची लिउटगार्ड, तिचा मार्कग्राफ (सीमाप्रांताचा सरदार) थेओबाल्ड, त्याची आडेला. होहेनश्टाउफेन घराण्याच्या अगदी वरच्या पिढ्या आपल्याला कळतात त्या मुख्यतः या तक्त्यामुळे.

वकिली नजरेने पाहाल तर हे पुरावे हेतूने तयार झाले आहेत. नाते सिद्ध करणे कुणाच्या तरी फायद्याचे होते. म्हणून खालच्या तीन पिढ्यांवर जास्त भरवसा ठेवा, कारण त्या खोट्या असत्या तर भरसभेत खोडणारे नातलग हजर होते. वर जाल तसतसे इतर कागदांशी ताडून पाहा.

प्रश्न (इस्लामपूर) : ‘ओनिंगेनचा कुनो’ याच्यावर अभ्यासकांत इतकी वर्षे वाद का चालला आहे?

वेल्फ घराण्याची ११२६ च्या सुमाराची वंशावळ सांगते की त्यांच्या रूडोल्फची बायको इटा ही ओनिंगेनच्या ग्राफ कुनोची मुलगी आणि तिची आई रिखलिंट ही सम्राट थोरल्या ओटोची मुलगी. अडचण अशी की ओटोच्या नोंदलेल्या मुलींत रिखलिंट नाही. कुनो नावाचा इतका मोठा ग्राफ समकालीन कागदांत त्या गावाशी जोडलेला सापडत नाही. ओनिंगेनच्या धर्मपीठाची ९६५ सालाची म्हणून दाखवली जाणारी स्थापना-सनद बाराव्या शतकातली बनावट आहे. आणि वंशावळ लिहिली गेली तेव्हा घटनेला शंभराहून जास्त वर्षे लोटली होती.

१९८० मध्ये आर्मिन वोल्फ यांनी कुनो म्हणजे श्वाबियाचा ड्यूक कोनराड, ज्याची कारकीर्द ९८३ ते ९९७, अशी मांडणी केली आणि रिखलिंटला ओटोचा मुलगा लिउडोल्फ याची मुलगी ठरवले. कुनो हे कोनराडचे लघुरूप, आणि नातीला मुलगी म्हणणे दीडशे वर्षांच्या आठवणीत सहज घडते, त्यामुळे मांडणी पोकळ नाही. एडुआर्ड ह्लाविच्का यांनी तिच्यावर तपशीलवार आक्षेप घेतले. या वादातून शिकण्यासारखे म्हणजे साखळीचा हिशेब. कुनो म्हणजे कोनराड, रिखलिंट म्हणजे लिउडोल्फची मुलगी, इटा त्या दोघांचीच : अशा तीन कड्या आणि प्रत्येक सत्तर टक्के संभवनीय धरली, तर तिन्ही एकदम खऱ्या असण्याची शक्यता चौतीस टक्के उरते. प्रत्येक कडी वाजवी वाटते, म्हणून माणूस संपूर्ण साखळी पटली असे समजतो. आमच्या मते तक्त्यात अनुमानाची एक कडी तुटक रेषेने चालेल. अनुमानाला लागून दुसरे अनुमान आले की तिथे शाखा थांबवावी आणि पर्याय तळटीपेत द्यावेत.

हाब्सबुर्गांचा मूळ पुरुष ‘श्रीमंत गुंट्राम’ याच जातीचा. मुरी मठाचा ११६० च्या सुमाराचा वृत्तांत त्याला आद्य पुरुष म्हणतो. ९५२ मध्ये ओटोने ज्याची जमीन जप्त केली तो ग्राफ गुंट्राम हाच का, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो रेषेवर प्रश्नचिन्ह घालूनच दाखवायला हवा.

प्रश्न (विटा) : लॅटिन येत नाही, जर्मनी दूर. घरबसल्या सुरुवात कुठून करावी?

१८१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मोनुमेंटा गेर्मानिए हिस्टोरिका’ या संस्थेची छापील संपादने तिच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. राजांच्या सनदांचे जर्मन भाषेतले सारांश ‘रेगेस्टा इम्पेरिई’च्या संकेतस्थळावर शोधता येतात, लॅटिन नसलेल्याने तिथून सुरुवात करावी, कारण साल, स्थळ आणि माणसे नीट उकलून दिलेली असतात. सांक्ट गालेनची हस्तलिखिते स्विस ग्रंथालयांच्या सामाईक संकेतस्थळावर पानापानाने पाहायला मिळतात.

शोधताना नावाची सगळी लेखने टाका. एकाच कोनराडसाठी खुओनराडुस, कुओनराडुस, कोनराडुस. एकाच लुडविगसाठी ह्लुडोविकुस, ख्लोडोविकुस. छापील खंडाच्या शेवटची नामसूची आधी उघडावी, पण तीत एकाच क्रमांकाखाली घातलेली माणसे संपादकाच्या मते एक आहेत एवढेच समजावे. संगणकाच्या भाषांतराने आशय कळतो, परंतु ते ‘नेपोस’चा सरसकट पुतण्या करून टाकते, म्हणून नात्याचा प्रत्येक शब्द मुळात जाऊन पाहावा लागेल.

पहिला सराव म्हणून एकच परगणा आणि तीसच वर्षे घ्या. लानचा काठ, ९१० ते ९४०, असा तुकडा पुरेसा आहे.